आधी पूल, मग रस्ता

कोथरूड पुण्याच्या पश्चिमेला, खराडी पूर्वेला आणि मधे सगळं शहर. गेल्या काही वर्षांत नोकऱ्या पूर्वेकडे सरकल्या, घरं मात्र होती तिथंच राहिली. त्यामुळे रोज सकाळी शहर एका अंगानं दुसऱ्या अंगाला वाहतं आणि संध्याकाळी उलटं वाहतं. माझं ऑफिस शिवाजीनगरहून खराडीला हललं तेव्हा मीही या प्रवाहात आलो. शिवाजीनगरला सायकलनंच जात होतो. ते अंतर इतकं थोडं होतं की रस्त्याचा विचार असा कधी करावाच लागला नाही. आता अंतर झालं जाताना सोळा-सतरा किलोमीटर आणि येताना तेवढंच. सायकल सोडायची नव्हती, म्हणून रस्ता शोधायला बसलो. त्या शोधात हे शहर सायकलच्या उंचीवरून जसं दिसलं, ते इथं लिहितो आहे.

पुण्यात कुणालाही ‘कुठून जातोस?’ विचारलं की उत्तर बहुतेक पुलाच्या नावानं येतं. म्हात्रे पुलावरून, लकडी पुलावरून, नव्या पुलावरून. या सवयीत शहराची खरी रचना आहे. मुठा नदी शहर कापत जाते, संगमाशी तिला मुळा मिळते आणि पुढे मुळा-मुठा पूर्वेला वळते. कोथरूडहून निघणाऱ्यानं किती गल्ल्या पाठ केल्या तरी त्याला नदी ओलांडायची आहेच, तीही दोनदा. आधी मुठा, मग खराडीकडे जाताना मुळा-मुठा. मधल्या किंवा दक्षिणेकडच्या वाटेनं गेलं तर या दोन नद्यांच्या मधे सोलापूरकडे जाणारी रेल्वेही आडवी येते, आणि तीही मोजक्याच जागी ओलांडता येते. मधे हजार वाटा असोत, त्यांना जोडणारी तोंडं बोटांवर मोजण्याइतकी आहेत. म्हणून आधी पूल ठरवायचा आणि मग त्याला दोन्हीकडून रस्ता जोडायचा.

नकाशावर तीन वाटा दिसतात. उत्तरेकडची सगळ्यांना माहीत आहे: कर्वे रस्ता, डेक्कन, जंगली महाराज रस्ता, संचेती, संगम पूल, बंडगार्डन, येरवडा आणि मग सरळ नगर रस्ता. मधली वाट एस. एम. जोशी पुलावरून नवी पेठेत उतरते, पेठा ओलांडून कॅम्पात जाते आणि तिथून रेल्वेपलीकडे मुंढवा गाठते. दक्षिणेची वाट म्हात्रे पूल, दांडेकर पूल, सारसबाग, स्वारगेट, शंकरशेठ रस्ता, गोळीबार मैदान अशी जाते आणि पुढे घोरपडीच्या बाजूनं मुंढव्यातच येते. मुंढव्याहून पूल ओलांडला की खराडी.

अंतरात या तिन्हींमध्ये फारसा फरक नाही. फोनवरचा नकाशा उत्तरेकडची वाट आधी दाखवतो, कारण ती रुंद आहे. मोटारीला रुंदी हवी असते. सायकलला ती तशी लागत नाही. तिला लागतो शेजारच्या वाहनाचा वेग कमी असणं. रुंद, मोकळ्या रस्त्यावर वेग वाढतो. त्यामुळे मोटारीसाठी चांगला असलेला रस्ता अनेकदा सायकलला सर्वांत वाईट ठरतो.

यासाठी एक मोजमाप आहे आणि ते मला फार पटलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराच्या रस्त्यांचा अभ्यास करून मेकुरिया, फर्थ आणि निक्सन या तिघांनी २०१२ साली एक अहवाल लिहिला. रस्त्याचा प्रत्येक तुकडा सायकलस्वाराला किती ताण देतो, यावरून त्यांनी रस्त्यांचे चार स्तर केले. मुलांना पेलेल असा एक, बहुतेक मोठ्या माणसांना चालेल असा दुसरा, सरावलेल्यांचा तिसरा आणि ज्यांना भीतीच वाटत नाही त्यांचा चौथा. त्यातला नियम असा की अख्ख्या वाटेचा स्तर तिच्या सर्वांत वाईट तुकड्यावरून ठरवायचा, सरासरी काढायची नाही. पंधरा किलोमीटर शांत गल्ल्या असतील आणि मधे दोनशे मीटरचा एकच भयंकर चौक असेल, तर ती वाट त्या चौकाइतकीच भयंकर. कारण माणूस सायकल घरी ठेवतो ती त्या दोनशे मीटरसाठी. सॅन होजेत त्यांना दिसलं ते असं: शांत रस्ते शहरात पुष्कळ होते, पण ते एकमेकांना जोडलेले नव्हते. मोठ्या रस्त्यांनी त्यांची बेटं केली होती.

पुण्याला हे जसंच्या तसं लागू पडतं. डहाणूकर कॉलनी, एरंडवण्यातल्या गल्ल्या, सदाशिव पेठेचे बोळ, कॅम्पातले झाडांखालचे रस्ते, कोरेगाव पार्कच्या लेन ही सगळी सायकलला मानवणारी बेटं आहेत. त्यांना घडवायला कुणी खर्च केलेला नाही. ती जुनी आहेत, अरुंद आहेत आणि म्हणूनच सुखाची आहेत. भीती वाटते ती एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना.

उत्तरेची वाट मी सोडली. जंगली महाराज रस्ता स्वतः वाईट नाही. सत्तरच्या दशकात बांधलेला हा रस्ता दशकानुदशकं खड्ड्यांवाचून टिकला, याचं पुणेकरांना अजून कौतुक आहे, आणि अलीकडे त्याच्या कडेला रुंद पदपथ झाले आहेत. त्रास पुढे आहे. संचेतीच्या आसपास उड्डाणपुलांची तोंडं, संगम पुलाकडे जाताना डावीकडून घुसणाऱ्या बस, आणि येरवड्यापुढे नगर रस्त्याचा तो लांबलचक पट्टा. उड्डाणपुलाचं तोंड सायकलला विशेष वाईट असतं. सरळ जाणारी सायकल मधे सापडते, उजवीकडून वर चढणारी वाहनं वेग घेत असतात आणि डावीकडून सेवा रस्त्याला वळणारी तिला कापून जातात. कडेनं चालवली तरी धोका, मधे घेतली तरी धोका. नगर रस्त्यावर असे प्रसंग एकापाठोपाठ एक येतात.

दक्षिणेची वाट स्वारगेटला अडते. तिथल्या जेधे चौकात एसटी, पीएमपीच्या बस, रिक्षा आणि रस्ता ओलांडणारी माणसं हे सगळं एकत्र येतं. ते पार केलं की पुढचं बरंच सोपं आहे. रेसकोर्स आणि एम्प्रेस गार्डनच्या बाजूला तर एप्रिलच्या उन्हातही सावली मिळते, आणि एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा सावलीचं मोल कळतं. पण स्वारगेट रोज दोनदा पार करणं मला नको होतं.

राहिली मधली. तिच्याविषयी जरा सविस्तर लिहायला हवं.

एस. एम. जोशी पूल गरवारे कॉलेजच्या बाजूनं निघून नवी पेठेत उतरतो. तो म्हात्रे किंवा लकडी पुलाइतका मोठा नाही, त्यावर वाहनं हळू चालतात, आणि कर्वे रस्त्यावरून त्याच्याकडे वळायला मागच्या गल्ल्यांतून वाट काढता येते. पलीकडे गांजवे चौक. तिथून सदाशिव पेठ, पेरूगेट, खजिना विहीर, चिमण्या गणपती. पेठांतला रस्ता सायकलच्या वेगाचाच आहे, कारण तिथं कुणालाच त्याहून वेगानं जाता येत नाही. दूधवाले, शाळेच्या रिक्षा, सायकलवरून जाणारे पेपरवाले यांच्यातली एक सायकल म्हणून आपण मिसळून जातो. लक्ष फक्त दोन गोष्टींवर ठेवावं लागतं: उभ्या मोटारीचं अचानक उघडणारं दार आणि चेंबरची वर आलेली झाकणं.

पेठांमध्ये एकेरी वाहतुकीचं एक गणित आहे. शिवाजी रस्ता स्वारगेटकडे वाहतो आणि बाजीराव रस्ता शनिवारवाड्याकडे. तुम्ही पश्चिमेकडून पूर्वेला जात असाल तर दोन्ही फक्त आडवे ओलांडायचे असतात, त्यांच्यावरून चालवायचं नसतं. हे ध्यानात आलं की पेठांची भीती निम्मी होते. ओलांडायची जागा मात्र सिग्नलचीच निवडावी. येताना एकेरीमुळे गल्ल्या बदलतात, म्हणून परतीची वाट वेगळी बसवावी लागते. सायकलचा रस्ता शोधणं म्हणजे दोन रस्ते शोधणं, ही गोष्ट कुणी आधी सांगत नाही. सायकल हातात धरून चालू लागलो की आपण पादचारी असतो. दहा-वीस पावलं चालल्यानं अर्ध्या किलोमीटरचा वळसा वाचतो, आणि उलट्या दिशेनं चालवायचा मोहही उरत नाही.

पेठा संपल्या की भवानी पेठेच्या कडेनं कॅम्प. इथले रस्ते चौकटीचे आहेत. एक तुंबला तर शेजारचा घेता येतो. मग येते रेल्वे. पूर्वी साधू वासवानी पुलावरून सरळ कोरेगाव पार्कात उतरता यायचं. तो पूल जुना झाला म्हणून पाडला आणि नव्यानं बांधायला घेतला. एक पूल गेला आणि अख्ख्या भागाची वाहतूक कशी कोलमडली, हे तिथल्या लोकांना विचारावं. सायकलला त्यामुळे घोरपडीकडे सरकावं लागतं. घोरपडीत रेल्वे ओलांडून पिंगळे वस्तीच्या अंगानं मुंढव्याला, ताडीगुत्ता चौकातून मुंढवा-खराडी पुलावर, आणि पूल उतरला की पुन्हा काचेच्या इमारतींचं नवं शहर.

या वाटेचा सर्वांत वाईट तुकडा ताडीगुत्ता चौक आणि त्यापुढचा पूल. तो टाळता येत नाही. तेवढा सांभाळायचा, एवढंच हातात आहे. मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर मोटारींबरोबर मधल्या लेनमध्ये जाऊन थांबू नये. हिरव्या सिग्नलला डाव्या कडेनं सरळ पलीकडे जावं, तिथं कोपऱ्यात सायकल वळवून उभं राहावं आणि दुसऱ्या बाजूचा सिग्नल हिरवा झाला की त्या रस्त्याबरोबर सरळ निघावं. एका वळणाचे दोन टप्पे होतात, मिनिटभर जास्त जातं, पण पाठीमागून येणाऱ्या डंपरसमोर आडवं जावं लागत नाही. पुलावर मात्र कडेला चिकटून चालवू नये. कठड्याला चिकटलेल्या सायकलला मोटारवाला जागा आहे असं समजून घासून पुढे जातो. हातभर अंतर सोडून सरळ रेषेत चालवलं की त्याला नीट विचार करून ओलांडावं लागतं.

सकाळी लवकर या पुलाच्या कडेला उभं राहिलं की आज पुण्यात सायकल कोण चालवतं ते कळतं. रात्रपाळी संपवून परतणारे सुरक्षारक्षक, बांधकामावर निघालेले गवंडी आणि बिगारी, डबे पोचवणारे. हेल्मेट नाही, गिअर नाहीत, कॅरिअरला डबा बांधलेला. यांना वाट निवडायची चैन नाही. त्यांना सगळ्यांत जवळची वाट हवी असते, मग ती कशीही असो. सायकलसाठी काही करायचं म्हटलं की सभेत रविवारच्या राइडला जाणाऱ्यांचे फोटो दाखवले जातात. रोज चौथ्या स्तरावरून जाणारा माणूस हा आहे, आणि त्याचं म्हणणं कुठल्याच बैठकीत पोचत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

हेच एकेकाळी सगळं शहर होतं. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत ते विद्यार्थी, कारकून, शिक्षक आणि खडकीच्या कारखान्यातले कामगार सायकलवर असत म्हणून. तासाच्या भाड्यानं सायकल मिळे, डबलसीट पकडला तर पोलीस चाकातली हवा सोडत, रात्री दिवा नसेल तर दंड होई. मग आकुर्डीत स्कूटर तयार होऊ लागल्या, हप्त्यावर मिळू लागल्या, आणि शहरही पसरलं. २०२१ साली आणखी २३ गावं आल्यावर महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेली. अंतरं वाढली, तशी सायकल मागे पडली.

पालिकेनं प्रयत्न केले नाहीत असं नाही. कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बसची राखीव मार्गिका, २००६ साली सुरू झाली, देशातली पहिली. तिच्या कडेनं सायकल ट्रॅक बांधले गेले. २०१७ च्या डिसेंबरात सर्वंकष सायकल आराखडा मंजूर झाला. त्यात आठशे किलोमीटरहून मोठ्या जाळ्याचं स्वप्न होतं. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीत सायकली विद्यापीठात आणि औंधात आल्या, शहरभर पसरल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. ट्रॅकचं काय झालं ते रोज दिसतं: कुठं पेव्हर ब्लॉक उखडलेले, कुठं टपरी, कुठं विजेची डीपी आणि कुठं दुचाकी उभ्या. पण अतिक्रमण हा त्यातला मोठा दोष नव्हे. ट्रॅक दोन चौकांच्या मधल्या सरळ भागात असतो, म्हणजे जिथं गरज कमी तिथं, आणि चौक जवळ आला की संपतो. जिथं माणूस घाबरतो तिथं त्याच्यासाठी काहीच नसतं. आठशे किलोमीटर आखण्याऐवजी पाच-सहा पुलांची आणि दहा-बारा चौकांची तोंडं आधी नीट केली असती, तर बेटं जोडली गेली असती. ती अजूनही जोडता येतील, आणि त्याला बीआरटीच्या खर्चाचा लहानसा हिस्सा पुरेल असं माझं मत आहे.

नदीकाठाची वाट हा मोठाच मोह आहे. नदीला चढ नसतो, चौक नसतात. नदीकाठ सुधार प्रकल्पात मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर लांबीत काठानं चालायच्या, सायकलच्या वाटा आखल्या आहेत. झाडांचा आणि पुराचा प्रश्न घेऊन पर्यावरणवादी त्याला विरोध करत आले आहेत, आणि त्यांचं म्हणणं रोज जाणाऱ्यालाही मानावं लागेल. नदीपात्रातल्या रस्त्याचा अनुभव समोर आहे. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातला रस्ता बंद होतो. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, ते अशाच विसर्गाच्या वेळी. ज्या वाटेला पावसाळ्यात भरवसा नाही, ती नोकरीची वाट होऊ शकत नाही. कोरड्या दिवसांत, सकाळच्या हवेत, ती जरूर वापरावी.

आता वाऱ्याचं आणि उन्हाचं. हे नकाशावर नसतं. पावसाळ्यात पुण्यात वारा पश्चिमेकडून येतो. कोथरूडहून खराडीला जाताना तो पाठीशी असतो आणि आपणच फार तयारीचे आहोत असं वाटायला लागतं. संध्याकाळी तोच वारा छातीवर घेऊन यायचं असतं आणि वर कोथरूडकडचा चढ असतो, तोही दमल्यावर. म्हणून वेळेचा हिशेब जातानाच्या राइडवरून कधी करू नये. पूर्व-पश्चिम जाणाऱ्याला ऊन दोन्ही वेळा समोरून येतं. सप्टेंबरात आणि मार्चमध्ये तर सूर्य अगदी रस्त्याच्या रेषेत मावळतो. आपले डोळे दिपतात ते दिपतातच, पण त्याहून गंभीर म्हणजे मागून येणाऱ्या ड्रायव्हरचेही दिपतात आणि त्याला आपण दिसत नाही. मागचा लाल दिवा संध्याकाळी उजेड असतानाच लावावा तो यासाठी. आणि त्या दोन महिन्यांत रुंद, सरळ रस्त्यापेक्षा इमारतींच्या सावलीतली गल्ली घ्यावी.

वाटेला पंचांगही आहे. आषाढी वारीच्या वेळी पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, तुकाराम महाराजांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाशी आणि ज्ञानेश्वर महाराजांची भवानी पेठेत पालखी विठोबाशी. त्या दिवसांत मधल्या वाटेवर वारकरी असतात आणि तिथं सायकल नेणं योग्यही नाही. गणपतीत पेठांतले रस्ते मांडवांनी अरुंद होतात, संध्याकाळी पुढे सरकणंच अवघड होतं. दिवाळीच्या आधी खरेदीची गर्दी सगळ्या पेठा भरून टाकते. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, म्हणून त्या भागातून जाणारी पर्यायी वाट बुधवारी धरू नये. या दिवसांसाठी मी दक्षिणेची वाट राखून ठेवली आहे. स्वारगेट तेव्हाही तसंच असतं, पण वर्षातले थोडे दिवस ते सोसता येतं. अगदीच मुसळधार असेल तर मेट्रो आहे. वनाझ ते रामवाडी मार्ग २०२४ च्या मार्चमध्ये पूर्ण झाला, आणि रामवाडीहून खराडी लांब नाही.

नवी वाट तपासायची तर रविवारी सकाळी एकदा जाऊन वळणं पाठ करावीत, पण तिच्यावर विश्वास ठेवू नये. रविवारी सकाळी पुण्यातला कुठलाही रस्ता चांगला असतो. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला जाऊन पाहावं, आणि परतीचीही परीक्षा वेगळी घ्यावी, अंधार पडल्यावर. खराडीत काम करणाऱ्या आणि सायकलनं येणाऱ्या बायका अंधारातल्या गल्लीपेक्षा दुकानं उघडी असलेला रस्ता निवडतात, तिथं वाहनं जास्त असली तरी. त्यांच्या दृष्टीनं वाईट तुकडा कोणता, हे मोटारींच्या वेगावरून ठरत नाही. दिवे नाहीत, दोन्हीकडे पत्र्याचं कुंपण आहे आणि माणूस दिसत नाही, असे तुकडे घोरपडी ते मुंढवा या पट्ट्यात आहेत. बेटं जोडायची म्हणजे तिथं दिवेही लावायचे.

पंक्चर काढणारा कुठं बसतो हेही वाटेच्या हिशेबात धरावं. पेठांत तो गल्लोगल्ली सापडतो. मुंढव्यापुढे स्कूटर-मोटारसायकलचं पंक्चर काढणारे असतात, पण सायकलची ट्यूब त्यांच्याकडे नसते. म्हणून एक ट्यूब, पाना आणि हातपंप सोबत असावा.

साधू वासवानी पूल नव्यानं उघडला की मधली वाट पुन्हा नव्यानं बसवावी लागेल. तेव्हा तीन गोष्टी बघायच्या आहेत. त्यावर डाव्या बाजूला सायकलपुरती जागा सोडली आहे का, की कठड्यापर्यंत डांबर मोटारींचंच आहे. कोरेगाव पार्कच्या बाजूला तो जिथं उतरतो तिथं वळणाऱ्यांना वेग घेता येईल एवढी रुंदी दिली आहे का. आणि कॅम्पाच्या बाजूनं वर चढताना सायकलला कुठून शिरायचं आहे. पुलाचं काम चालू असतानाच हे विचारलं पाहिजे. एकदा कठडा उभा राहिला की पुढची पन्नास वर्षं तो हलत नाही.